पावडरच्या दुधामुळे बाळाला टाइप-१ डायबिटीस होतो का?

टाइप-१ डायबिटीसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. या आजाराचं प्रमाण जगात सर्वाधिक आहे ते फिनलंडमध्ये. तान्हेपणीच पोटात गेलेल्या गाईच्या दुधातल्या प्रथिनांमुळे हे घडत असावं का, याचा शोध हेलसिंकीचे बालरोगतज्ज्ञ मिकाएल निप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला.

आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा आजार आहे आणि जनुकीय धोकाही आहे, अशी बाळं त्यांनी निवडली. स्तनपान थांबवलं नाही. वरचं दूध लागलंच, तर काहींना नेहमीची पावडर दिली, तर काहींना प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेली पावडर.

२०१० मध्ये २३० बाळांवरचे निष्कर्ष आले. आजाराची पूर्वसूचना देणाऱ्या अँटिबॉडी खास पावडरीच्या गटात १७ टक्के, तर दुसऱ्या गटात ३० टक्के मुलांमध्ये आढळल्या. आशा वाढली. पण अँटिबॉडी सापडणं म्हणजे डायबिटीस होणं नव्हे.

खरी परीक्षा मोठ्या चाचणीत झाली. १५ देश, २,१५९ बाळं आणि ११ वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा. २०१८ चा निकाल: खास पावडरीच्या गटात ८.४ टक्के मुलांना डायबिटीस झाला, नेहमीच्या पावडरीच्या गटात ७.६ टक्के. हा फरक योगायोगाचा मानला जातो.

म्हणजे डायबिटीस टाळण्यासाठी ही खास, महागडी पावडर घेण्याचं कारण उरलं नाही. आणि दूध पुरेना म्हणून पावडर दिलेल्या आईने 'माझंच चुकलं' असं म्हणण्याचंही नाही. पहिले सहा महिने फक्त स्तनपान, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मात्र कायम आहे. त्याची कारणं वेगळी आहेत.