नळदुर्गचा धनी आणि लिलावांतील सुटीं पानें

नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीवर धरण घालून त्याच्या पोटांत पाणीमहाल करविणारा विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहीम आदिलशहा (कारकीर्द १५८० ते १६२७) याचें नांव धाराशिव जिल्ह्यांत अपरिचित नाहीं. इ. स. १६१३ मध्यें बांधलेलें हें धरण आजहि जागच्या जागीं उभें आहे. परंतु याच इब्राहीमाचें फर्रुखबेगानें काढलेलें तंबूरवादनाचें चित्र पाहावयाचें तर प्राग येथील नाप्रस्तेक संग्रहालय गांठावें लागतें. तें पान मूळचें जहांगीर बादशहाच्या गुलशन मुरक्क्यांतील. त्या मुरक्क्याचा मोठा भाग तेहरानच्या राजवाड्यांत, तर कांहीं पानें बर्लिनमध्यें आहेत. दगड जागा सोडीत नाहीं. कागद मात्र धन्यामागून धनी बदलतो.

धनी बदलणें हा दोष नव्हे. विक्रीमुळें पुष्कळ कागद वाळवीच्या तोंडून वांचले आहेत. हानि होते ती ग्रंथ उसवून पान पान विकल्यानें. शाह तहमास्पाच्या शाहनाम्यांत २५८ चित्रें होतीं. तो ग्रंथ हॉटन नामक अमेरिकन धनिकानें १९५९ मध्यें घेतला. ७८ चित्रें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिलीं, आणि १९७६ मध्यें क्रिस्टीजच्या लिलावांत ७ पानें विकलीं. पुढें २०११ मध्यें सदर ग्रंथाचें एकच पान सोथबीजकडे ७४ लक्ष पौंडांवर गेलें. असा भाव मिळूं लागला म्हणजे शिवण उसवण्याचा मोह कोणास आवरणार?

याच्या उलट उदाहरण पुण्यांतील भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहीं आहे. १६०० मध्यें अहमदनगर पडल्यावर ज्या निजामशाहीनें कांहीं काळ परांड्याचा आश्रय केला, तिच्या हुसेनशहावरील ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही ती सचित्र पोथी होय. तींत १२ चित्रें शिल्लक आहेत. काव्यांत खुंझा हुमायून राणीची स्तुति आहे, पण बहुतेक चित्रांत तिची आकृति पुसलेली वा रंगवून झांकलेली दिसते. १५६९ मध्यें पुत्र मुर्तझानें तिला सत्तेवरून दूर केलें, त्याचा हा परिणाम असावा असा अभ्यासकांचा तर्क आहे. काव्य आणि चित्रें एकत्र राहिलीं म्हणूनच हा तर्क शक्य झाला. तेंच पान सुटें विकलें गेलें असतें, तर घेणाऱ्यानें पुसटलेली जागा खराबी समजून कुशल हातांकडून ‘दुरुस्त’ करविली असती, व घराण्यांतील कलहाचा पुरावा नाहींसा झाला असता.

म्हणून संग्राहकानें पान हातीं येतांच चित्रापूर्वीं पाठ पाहावी: पत्रांक, पुढील पानाचा आरंभशब्द, शिवणीचीं छिद्रें, मोहरा, जुन्या मालकांच्या नोंदी. विक्रेता पूर्वस्वामित्व सांगत नसेल तर भाव कितीहि हलका असो, व्यवहार टाळावा. १९७२ च्या पुरावस्तु कायद्यान्वयें १०० वर्षांहून जुनीं चित्रें आणि ७५ वर्षांहून जुनीं महत्त्वाचीं हस्तलिखितें खाजगी इसमास परदेशीं नेतां येत नाहींत; व्यापाऱ्यास परवाना लागतो; चित्रें व सचित्र पोथ्या यांची नोंदणीहि करावी लागते. देशांतील विक्रीस मात्र मनाई नाहीं. अर्थात् वाड्यांतील पोथी उसवली जाण्याचें भय घरींच आहे.

पोथी विकावीच लागली तर ती अखंड विकावी, आणि तत्पूर्वीं प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घेऊन एखाद्या संशोधनसंस्थेकडे ठेवावीं. धनी बदलला तरी साक्ष कायम राहील.