शब्दवेध : सुगी

भादव्यात महालक्ष्म्या बसल्या की बीड जिल्ह्यात पहिलं पीक दारात आलेलं असतं: मूग. जूनमध्ये पेरलेला मूग साठ-सत्तर दिवसांत काळ्या शेंगांना येतो. त्या एकदम पिकत नाहीत, म्हणून दोन-तीन तोडण्या होतात. तेवढ्यात झड लागली तर शेंगेतच दाण्याला मोड फुटतात. तोडलेली शेंग उन्हात पडली, बडवली, की सुगीला तोंड लागलं. कित्येक घरांत महालक्ष्म्यांपुढे धान्याच्या राशी मांडतात आणि नैवेद्याला ज्वारीची आंबील असते.

‘सुगी’ हा शब्द दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांच्याही तोंडी आहे. कन्नडमध्ये ‘सुग्गी’ म्हणजे पिकांच्या काढणीचा हंगाम. तिथे संक्रांतीला ‘सुग्गी हब्ब’, म्हणजे सुगीचा सण, म्हणतात. तुळू पंचांगात तर ‘सुग्गी’ हे महिन्याचंच नाव. एकच शब्द, पण ज्याच्या शिवारात जे पीक जेव्हा येईल तेव्हाची त्याची सुगी.

मराठीत सुगी शिवाराबाहेरही पडली. लग्नसराईत सराफांची सुगी, निवडणुकीत छापखान्यांची सुगी. बीडमध्ये मात्र तिची मुदत ठरलेली: मूग, उडीद, बाजरी, सोयाबीन उरकायचं आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघायचं. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की कोरडवाहू घरातली सुगी संपते.