लांब इंग्रजी शब्दांची फोड

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातले तेरखेडा फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. या व्यवसायाचे कायदे आणि रसायने लांबलचक इंग्रजी शब्दांत बोलतात: एक्सप्लोझिव्ह, अ‍ॅल्युमिनियम, पोटॅशियम नायट्रेट. आपल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही असा शब्द दिसला की नजर त्याला वळसा घालते. तो शब्द उलगडून पाहण्याचा आनंद वाचकांनी घ्यावा, यासाठी हे निमंत्रण.

शब्द दोन रीतींनी फोडता येतो. एक फोड जिभेसाठी: दर खंडात एक स्वर. दुसरी समजुतीसाठी: उपसर्ग, मूळ, प्रत्यय. दोन्ही नेहमी जुळत नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे. ‘पोटॅशियम’ उच्चारात पो-टॅ-शि-अम असा तुटतो. अर्थाने मात्र तो पॉट, अ‍ॅश आणि इयम, म्हणजे भांडे, राख आणि धातूच्या नावाचा लॅटिन प्रत्यय. लाकडाच्या राखेचे पाणी भांड्यात आटवून जो क्षार मिळे, त्याचे नाव पोटॅश. 1807 मध्ये हम्फ्री डेव्हीने पोटॅशपासून धातू वेगळा केला आणि त्याच नावाला ‘इयम’ जोडले.

शेवटचा खंड कधी फार मोलाचा ठरतो. पोटॅशियम क्लोराइड हे शेतकऱ्यांच्या ओळखीचे पोटॅश खत. ‘आइड’च्या जागी ‘एट’ आले की रेणूत प्राणवायू आल्याची खूण मिळते: हे क्लोरेट गंधकात मिसळले, तर साध्या घर्षणानेही पेट घेऊ शकते. क्लोरेट आणि गंधक यांच्या मिश्रणाच्या स्फोटकांवर भारतात 1992 पासून बंदी आहे.

शब्द फोडण्याची ही विद्या आपल्याला परकी नाही. प्रकृती आणि प्रत्यय वेगळे करण्याची शिस्त पाणिनीपासून चालत आली. मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ती मराठीच्या अंगाने भेटते. वृत्त ओळखताना तुम्ही लघु-गुरू मोजले असतील, तर उच्चाराचे खंड पाडणारा कानही तुमच्याकडे आहे.

वाचकांनी सुरुवात ओळखीच्या शब्दांपासून करावी. खताच्या गोणीवरचा किंवा औषधाच्या वेष्टनावरचा एखादा शब्द घ्या. आधी अर्थाचे सांधे शोधा, मग तो खंडाखंडाने मोठ्याने म्हणा आणि शेवटी शब्दकोश उघडा. दर तुकड्याला अर्थ असेलच असे नाही. म्हणून तर्क करावा, पण कोशाची साक्ष काढल्यावाचून तो पक्का मानू नये.