ताट कुणी वाढले? मधुमेह, बाबासाहेब आणि पेठची नागली

दोन वर्षांपूर्वी माझ्या रक्तातील साखर तपासली आणि टाईप टू मधुमेह निघाला. एका दवाखान्यात छापील तक्ता हातात पडला. सकाळी ओट्स, दुपारी ब्राऊन ब्रेड, संध्याकाळी चार बदाम, भाजी ऑलिव्ह तेलात. वर डॉक्टरांनी सुनावले, "तोंडावर ताबा ठेवा." हा तक्ता घेऊन पेठच्या बाजारात कुणीतरी फिरून दाखवावे!

पथ्य पाळलेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्या एका वाक्याशी. जणू आजार म्हणजे आपल्या जिभेचा गुन्हा. मित्रांनो, आपल्या ताटात काय पडते हे फक्त आपली जीभ ठरवत नाही. ते इतिहास ठरवतो. म्हणून ताट बदलायचे तर आधी ते कुणी वाढले हे पाहिले पाहिजे.

सुरुवात बाबासाहेबांपासून करू. 1948 च्या सुरुवातीला संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असताना त्यांना मधुमेहाने गाठले होते. पायांच्या वेदनांनी रात्री झोप लागत नसे. मुंबईत डॉ. मालवणकरांकडे उपचार झाले आणि तेथेच काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख वाढली. 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला. पुढे माईसाहेबांनीच त्यांचे पथ्य आणि औषधपाणी सांभाळले. घरच्या घरी साखर मोजण्याचे यंत्र तेव्हा नव्हते. अशा अवस्थेत बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी मसुदा संविधान सभेपुढे मांडला आणि वर्षभर त्यातल्या कलमांवर उत्तरे दिली. शेवटच्या वर्षांत दृष्टीही मंदावली, तरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पुरा केला. "तोंडावर ताबा" नसलेल्या माणसाचे हे आयुष्य आहे काय? आणि एवढ्या निश्चयाच्या माणसालाही पथ्यासाठी सोबत लागली, हे आपण विसरतो.

दुसरा गैरसमज, मधुमेह हा श्रीमंतांचा रोग. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. हे सगळे बंगल्यात राहतात काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. जन्मतः वजन कमी, अंगावर मांस कमी, पण त्या मानाने चरबी जास्त, अशी बाळे त्यांना दिसली. गर्भात उपासमार सोसलेल्या शरीराला पुढे पोटभर धान्य मिळू लागले की मधुमेहाचा धोका वाढतो, असे या विषयातले संशोधन सांगते. आता विचार करा, या देशात पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी कुणाला ठेवले गेले? कुणाच्या आया उष्ट्या भाकरीवर गरोदरपण काढत होत्या? जातिव्यवस्थेने लादलेली भूक नातवंडांच्या रक्तात उतरत असेल, तर हा प्रश्न वैद्यकीय तितकाच सामाजिक आहे.

आता पेठकडे या. हा पाचव्या अनुसूचीतला आदिवासी तालुका. उताराची जमीन, भरपूर पाऊस. राब भाजायचा, रोपे करायची आणि आवणी करायची. नागली, वरई, भात, उडीद, कुळीथ, खुरासणी ही इथली पिके. ताटात नागलीची भाकरी, उडीद किंवा कुळथाचे कालवण आणि पावसाळ्यात रानभाजी. दिवसभर चढ-उतारावर राबणे. ताट गरीब होते, अनेकदा अपुरेही होते. त्याचे गोडवे गाऊन भूक झाकायची नाही. पण त्यात चोथा होता, डाळ होती.

1965 मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. सरकारी खरेदीचा भर गहू आणि तांदळावर राहिला आणि तेच रेशनवर आले. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रेशनवरची मिलो खाल्ली, ती आठवण जुन्या माणसांना आजही आहे. रेशनने लाखो जीव वाचवले, म्हणून रेशनवर हल्ला करणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे राहायचे नाही. पण 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात माणशी 5 किलो धान्यात भरड धान्याचीही तरतूद आहे. मग आपल्या पिशवीत मुख्यतः तांदूळ आणि गहूच का पडतो? 2023 हे भरड धान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. शहरात नागलीची बिस्किटे महाग झाली आणि ती पिकवणारा पेठचा माणूस द्राक्षाच्या मजुरीला दिंडोरी-निफाडला जाऊन भातावर पोट भरतो. हा विनोद नव्हे, अन्याय आहे.

आहार बदलणे आपल्या चळवळीला नवीन नाही. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले. ते सोवळ्यासाठी नव्हते, स्वाभिमानासाठी होते. गावोगावच्या लोकांनी एकत्र निर्धार केला, म्हणून तो टिकला. पुढे आपल्याच नाशिक जिल्ह्याचे दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1964 च्या डिसेंबरात भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. त्यातल्या मागण्यांत जमिनीबरोबर धान्याचे पुरेसे वाटप आणि महागाईला आळा याही होत्या. ताट बदलायला घरचा निर्धार लागतो आणि रस्त्यावरची लढाईही लागते, हे आपल्या माणसांनी ओळखले होते.

म्हणून आज काय करायचे? एक, नागलीला औषध समजू नका. तिच्यातही पिठूळ पदार्थ भरपूर आहेत. चार भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच, आणि पातळ आंबील भाकरीपेक्षा लवकर साखर चढवते. भाकरी एक-दीड, कालवण आणि भाजी जास्त, भात थोडा. दोन, मधुमेहाच्या नावाखाली कुणी 'सात्त्विक' शाकाहार लादत असेल तर ऐकू नका. अंडी, मासे, कोंबडी पथ्यात बसतात. फक्त सुक्या मासळीतले मीठ आणि रश्श्यातले तेल सांभाळा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा. तीन, गोळ्या मनाने बंद करू नका. गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहू नका, साखर एकदम उतरते. चार, तिशी ओलांडलेल्यांनी सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी मागावी, तो आपला हक्क आहे.

आणि पाचवी गोष्ट तथागतांकडून. कोसलचा राजा पसेनदी खूप जेवून धापा टाकत बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला मापाने जेवण्याची गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करून रोज जेवताना म्हणायला सांगितले. हळूहळू राजाचे जेवण मापात आले. राजालाही आठवण करून देणारा माणूस लागला. मग आमच्या घरात सगळ्यांना वेगळे आणि आजाऱ्याला वेगळे ताट का? सून, मुलगा, नातू सगळ्यांनीच ते ताट घ्यावे. कार्यकर्त्यांच्या बैठकीत साखरेच्या चहाचा आग्रह का? 14 एप्रिलला जिलेबीच्या स्टॉलशेजारी साखर तपासणीचे टेबल का नसावे?

दवाखान्यातला तो तक्ता मी फाडला नाही, मागची कोरी बाजू वापरली. तिथे लिहिले: नागली, उडीद, टाकळा, अंडे. आणि खाली रेशन दुकानासाठी अर्जाचा मसुदा, आम्हाला नागली द्या. अर्जावर सह्या हव्या आहेत. येता का?

जयभीम! जय संविधान!