चार पै शाळेसाठी

काही दिवसांपूर्वी एका कनिष्ठ महाविद्यालयाची सहल राहुरीला आमच्या कृषी विद्यापीठात आली होती. डाळिंबाची बाग, माती परीक्षणाची प्रयोगशाळा, पर्जन्यमापक असे सगळे पाहून झाल्यावर मुले झाडाखाली डबे सोडून बसली. तेव्हा अकरावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हे सगळं कोणाच्या पैशानं चालतं?" मी म्हटले, "लोकांच्या. करातून." तिने लगेच पुढचा प्रश्न टाकला, "मग ज्याला मूलबाळच नाही, किंवा ज्याची मुलं शिकून नोकरीला लागली, त्यानं दुसऱ्याच्या मुलांसाठी पैसे का भरायचे?"

बरोबरचे शिक्षक थोडे संकोचले, पण प्रश्न अगदी रास्त होता. तो नवाही नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात त्यावर मोठा वाद झाला होता, आणि ज्यांनी त्याची सर्वांत स्पष्ट मांडणी केली, त्यांचेच नाव आमच्या विद्यापीठाला आहे. ती हकिगत शिक्षकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे हा लेख लिहीत आहे.

आण्याचा तिसरा हिस्सा

सुरुवात घरातल्या एका कागदापासून करू. तलाठी कार्यालयातून मिळणारा जमिनीचा ८-अ चा उतारा खेड्यातल्या प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला असतो. त्यात जमिनीच्या आकारणीशेजारी 'स्थानिक उपकर' असा एक रकाना असतो. जुनी माणसे त्याला 'लोकल फंड' म्हणत. माझ्या आजीच्या नावावर थोडी कोरडवाहू जमीन होती. आजी शाळेची पायरी कधी चढली नाही, सहीच्या जागी तिचा अंगठा असे. लोकल फंड मात्र तिने जन्मभर भरला.

या रकान्याचा उगम १८६० च्या दशकातला आहे. मुंबई सरकारने शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा असा जादा कर बसवला आणि १८६९ च्या कायद्याने तो पक्का केला. हा पैसा रस्ते, विहिरी, धर्मशाळा अशा स्थानिक कामांसाठी होता, आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखून ठेवलेला होता. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै. म्हणजे साऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे शेतकरी शाळेसाठी चार पै देत होता. आजच्या भाषेत सांगायचे तर शेकडा दोनपेक्षा किंचित जास्त.

गंमत अशी, की २००४ मध्ये केंद्र सरकारने जो शिक्षण उपकर सुरू केला, तोही कराच्या रकमेवर शेकडा दोन असाच होता. (२०१८ पासून त्याच्या जागी शेकडा चार दराने आरोग्य व शिक्षण उपकर आहे.) दीडशे वर्षांत हिशेब फारसा बदलला नाही असे वाटेल, पण एक मोठा फरक आहे. चार पै देणाऱ्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या गावात बहुधा शाळाच नव्हती.

जोतीरावांचा सवाल

१८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली एक शिक्षण आयोग नेमला. त्याच्यापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले लेखी निवेदन सादर केले. तोपर्यंत त्यांच्या गाठी शिक्षणकार्याचा तीन दशकांहून अधिक अनुभव होता. मुलींच्या शाळा त्यांनी प्रथम पाहिल्या त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मिशनच्या फरारबाईंकडे. १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. पुणे नगरपालिकेचे ते काही वर्षे सभासद होते, आणि शेती व बांधकामाची कंत्राटे हा त्यांचा व्यवसाय होता. त्यामुळे हिशेब त्यांना चांगला कळत होता.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो. वरच्या आणि श्रीमंत वर्गांचा त्यात वाटा नगण्य असतो. पण खर्च पाहिला तर सरकारची नजर उच्च शिक्षणावर, आणि त्या शिक्षणाचा लाभ मूठभर वर्गांना. इलाख्यातील नऊ दशांश खेड्यांत, म्हणजे जवळजवळ दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही. तेव्हा पैसा ज्याच्याकडून घेता, त्याच्या मुलाला निदान लिहिण्यावाचण्यापुरते तरी शिकवा.

आमच्या त्या विद्यार्थिनीचा प्रश्न होता, "दुसऱ्याच्या मुलांसाठी मी का भरावे?" जोतीरावांच्या काळचा शेतकरी नेमके तेच करीत होता, पण ही गोष्ट त्याला कोणी सांगितलीच नव्हती. म्हणून जोतीरावांनी प्रश्न उलटा करून विचारला: भरतो कोण आणि शिकतो कोण?

केवळ तक्रार करून ते थांबले नाहीत. ठरावीक वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत, प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. शिक्षक प्रशिक्षित आणि शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत. त्यांना दरमहा किमान बारा रुपये आणि मोठ्या गावांत पंधरा ते वीस रुपये पगार द्यावा, अशा सूचना त्यांनी केल्या. अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, नीती, आरोग्य आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, आणि जमणार असेल तिथे शाळेला नमुना शेतीचा छोटा तुकडा जोडावा. लोकल फंडाचा निम्मा भाग केवळ प्राथमिक शिक्षणाला द्यावा, असेही त्यांनी मागितले. पुढच्या वर्षी लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी शेतात मुरवणे, जनावरांची पैदास सुधारणे, शेतीची प्रदर्शने भरवणे अशा सूचना आहेत. माती वाहून जाणे ही शेतकऱ्याची मोठी हानी आहे, हे त्यांनी ओळखले होते.

झिरपण्याचा सिद्धांत

सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. त्या काळच्या अधिकाऱ्यांची समजूत अशी, की आधी वरच्या थरातील थोड्यांना उत्तम शिक्षण द्यावे, मग ते ज्ञान आपोआप खाली झिरपत जाईल. पैसे थोडे असताना हा मार्ग काटकसरीचा वाटतो.

मातीचा अभ्यासक म्हणून मला ही उपमाच तपासून पाहावीशी वाटते. पाणी झिरपते खरे, पण कुठल्या जमिनीत? वरचा थर आणि खालचा थर यांना जोडणारी छिद्रे असतील तरच. मध्ये अखंड कातळ असेल तर पाणी खाली न जाता उताराने आडवे वाहून जाते. आपल्या दख्खनच्या खडकात विहीर खोदणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे. समाजातला कातळ जातीचा होता. वर शिकलेला माणूस खाली शिकवायला उतरतोच असे नाही, हे जोतीराव अनुभवाने सांगत होते.

उलट मतही उघडपणे मांडले जात होते. कुणब्याच्या मुलांना शाळेतल्या इतिहास-भूगोलाचा उपयोग काय, त्यांना त्यांच्या वडिलोपार्जित धंद्याचेच शिक्षण द्यावे, असा सूर पुण्याच्या 'मराठा' या इंग्रजी साप्ताहिकाने १८८१ मध्ये लावला होता. हे मत आज वाचताना राग येतो. पण तेवढ्यावर न थांबता त्यामागचे गृहीतक पाहावे: मूल जिथे जन्मले तिथेच राहणार, मग त्याच्यावर खर्च कशाला? सार्वजनिक शिक्षणावरच्या खर्चाला होणाऱ्या विरोधाच्या मुळाशी आजही पुष्कळदा हेच गृहीतक असते, फक्त शब्द बदललेले असतात.

तीन दशकांनी, १९११ मध्ये, गोपाळ कृष्ण गोखले यांनी सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९११ च्या जनगणनेत देशातील साक्षरता शेकडा सहाच्या आसपास होती, हे लक्षात घेतले की त्या मतदानाचा अर्थ कळतो. याउलट बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर, तर कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कायदा करून शिक्षण सक्तीचे व मोफत केले. जिथे सरकार आले नाही तिथे लोकांनीच स्वतःवर कर बसवला, असे म्हणता येईल. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला घरोघरच्या बायका मूठ मूठ धान्य बाजूला काढून देत. त्या मुठीत, ज्यांच्या घरात शाळेत जाणारे मूल नव्हते अशांच्याही मुठी असणार.

भरणारा एक, खाणारा दुसरा

आता डाळिंबाकडे वळू, कारण त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिने नुकत्याच पाहिलेल्या बागेत होते.

१९३६ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड येथील सरकारी बागेत डॉ. चीमा यांनी आळंदी जातीच्या डाळिंबातून एक चांगले झाड निवडले. तीच पुढे 'गणेश' म्हणून प्रसिद्ध झालेली जात. त्यानंतर अनेक वर्षांनी राहुरीच्या विद्यापीठात 'गणेश' आणि 'गुल-ए-शाह रेड' यांच्या संकरातून निवड होत होत, या शतकाच्या आरंभी 'भगवा' ही जात शेतकऱ्यांपर्यंत पोचली. महाराष्ट्रातील कितीतरी कोरडवाहू गावांची घडी तिने बदलली.

म्हणजे १९३६ सालचा करदाता आणि 'भगवा' विकणारा शेतकरी यांच्यात पासष्टहून अधिक वर्षांचे अंतर आहे. ज्याने भरले तो फळ पाहायला राहिला नाही. ज्याने फळ विकले त्याने ते भरले नव्हते. शिक्षण आणि संशोधन यांचा पीककाळ माणसाच्या आयुष्यापेक्षा लांब असतो. म्हणून "माझ्या पैशाचे मला काय मिळाले" या हिशेबात ते कधीच बसत नाही. पण प्रत्येकाने मागच्या पिढीचे घेतलेले असतेच. मूलबाळ नसलेला माणूसही कोणाच्या तरी कराच्या पैशावर शिकलेल्या डॉक्टरकडून औषध घेतो आणि सरकारी बागेत जन्मलेल्या जातीचे फळ खातो.

जोतीरावांचा प्रश्न आज आपल्याला

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १८८२ चे चित्र आज जसेच्या तसे लागू होत नाही. आज शेतसारा नाममात्र आहे आणि शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. शहरातल्या पगारदाराने त्याकडे बोट दाखवले तर ते अगदीच चूक म्हणता येणार नाही. मात्र करदाता म्हणजे केवळ आयकर भरणारा, ही समजूतही खरी नाही. २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू आहे आणि साबणाची वडी घेणारी शेतमजूर बाईसुद्धा तो भरते. १८८२ मध्ये गरिबाच्या मिठावर कर होता. आज मीठ करमुक्त आहे, पण बाकी बाजार नाही.

म्हणून जोतीरावांचा प्रश्न अजून जुना झालेला नाही. माझी पदव्युत्तर पदवी आणि डॉक्टरेट यांचा खरा खर्च माझ्या फीपेक्षा कितीतरी जास्त होता. वरचा भाग त्या मजूर बाईसारख्यांनी भरला. तिच्या मुलाच्या शाळेला दोन शिक्षक मिळणार की एक, यावर वाद होतो, तेव्हा मला निवांत बसता येत नाही. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र आणून 'समूह शाळा' करण्याचा विचार शासनाने पुढे आणला. वीसपेक्षा कमी मुलांसाठी एक शाळा चालवणे खर्चिक आहे, हे हिशेबाने खरे आहे, आणि दोन-तीन मुलांत एकट्याने शिकणारे मूलही पुष्कळ गमावते. पण वाडीवरच्या शाळेत जाणारी मुलगी चार किलोमीटरवरच्या शाळेत जाईल का, हा आकडा त्या हिशेबात कुठे मांडायचा, तेही ठरवावे लागेल. ती गळाली तर वाचलेला पैसा बचत ठरत नाही. आपण फक्त बियाणे वाचवलेले असते.

मुलांना काय सांगावे

हा विषय वर्गात घ्यायचा असेल तर सोपा उपक्रम आहे. मुलांना घरून ८-अ चा उतारा किंवा घरपट्टीची पावती पाहून यायला सांगावे. शहरातल्या घरपट्टीच्या बिलात 'शिक्षण कर' असा रकाना सापडेल. तो १९६२ च्या राज्य कायद्याने आला आहे. दुकानातल्या एखाद्या पक्क्या बिलावरचा करही पाहावा. मग फळ्यावर दोन रकाने करावेत: 'आपल्या घराने काय भरले' आणि 'आपल्या घराला काय मिळाले'. दुसऱ्या रकान्यात शाळेची पुस्तके, लस, रस्ता, बियाणे सगळे यावे. शेवटी विचारावे, की यातले किती पैसे आपण जन्मायच्या आधीच कोणीतरी भरलेले होते?

त्या दिवशी त्या मुलीला मी एवढे लांब उत्तर देऊ शकलो नाही, सहलीच्या बसची वेळ झाली होती. मी फक्त आजीच्या अंगठ्याची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्या आजीनं भरलं, पण तिला शाळा मिळालीच नाही." मी म्हटले, हो. तिने केलेला हिशेब जोतीरावांचाच होता.