नाकापुढची चाळणी

घरगुती गॅस स्वयंपाकघरांत पोहोचला, तसे जपानमध्ये गळतीचे स्फोटही वाढले. त्यावर उपाय म्हणून नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये टिन ऑक्साइडच्या सेन्सरसाठी पेटंटचा अर्ज केला. त्याच वर्षी तेत्सुरो सेइयामा यांचा झिंक ऑक्साइडच्या पातळ थरावरचा शोधनिबंध आला. तत्त्व एकच. तापवलेल्या ऑक्साइडवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि इलेक्ट्रॉन अडवून धरतो. ज्वलनशील वायू आला, की तो या ऑक्सिजनशी जळतो, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध घसरतो आणि भोंगा वाजतो.

दारूच्या वाफेनेही वाजतो, ही खरी पंचाईत.

यावर उपाय म्हणजे नको ते रेणू अडवणारी चाळणी, आणि तिचं कूळ सेन्सरहून जुनं. स्वीडनच्या आक्सेल क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये एक खनिज तापवलं, तर ते फसफसून वाफ सोडू लागलं. तेच झिओलाइट. पुणे, नाशिक, जळगावकडच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत त्याचे देखणे स्फटिक सापडतात. वाफ होणारं पाणी असतं ते स्फटिकातल्या ठरावीक मापाच्या छिद्रांत. युनियन कार्बाइडमध्ये रॉबर्ट मिल्टन यांनी १९४९ मध्ये ‘झिओलाइट ए’ घडवलं आणि हे माप माणसाच्या हाती आलं. आत सोडियम असेल तर छिद्र सुमारे चार अँगस्ट्रॉमचं, पोटॅशियम असेल तर तीन, कॅल्शियम असेल तर पाच. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग!

सेन्सर आणि चाळणी ही दोन्ही कुळं जवळ आली १९८९ मध्ये. थॉमस बाइन आणि सहकाऱ्यांनी सिलिकाच्या पातळ थरात झिओलाइटचे कण बसवून तो थर ध्वनिलहरींवर चालणाऱ्या सेन्सरवर चढवला. छिद्रांत शिरणाऱ्या रेणूंचं नॅनोग्रॅमभर वजनही त्यातून कळू लागलं.

पुढे धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेले सच्छिद्र स्फटिक आले. त्यातलं ‘झिफ-८’ जस्ताचं, छिद्र ३.४ अँगस्ट्रॉमचं. गंमत म्हणजे झिंक ऑक्साइडच्या तारेवर ते वाढवताना जस्त त्या तारेतूनच मिळतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा तारांनी २.९ अँगस्ट्रॉमचा हायड्रोजन ओळखला, जवळपास दुप्पट जाडीच्या बेंझिनला मात्र दाद दिली नाही.

मात्र निव्वळ मापाने सगळं निभत नाही. स्वयंपाकाच्या गॅसमधला प्रोपेन ४.३ अँगस्ट्रॉमचा, अल्कोहोल ४.५, त्यांना चाळणार कसं? म्हणून गॅस-गळतीच्या सेन्सरांत आजही अल्कोहोल शोषून घेणारी गाळणी बसवतात. शिवाय झिफ-८ची चौकट किंचित लवते, त्यामुळे छिद्राहून थोडे मोठे रेणूही आत घुसतात. थर जाड केला तर निवड सुधारते, पण वायू आत झिरपायला वेळ लागतो. फार पातळ केला तर एखाद्या भेगेतूनही नको तो वायू थेट ऑक्साइडपर्यंत पोहोचतो.