पर्जन्यमापक आणि दूरचा संगणक

वऱ्हाडांतील काळी जमीन पाणी धरून ठेवते खरी. पण तें पाणी आधीं आभाळांतून पडावें लागतें. त्यामुळें अकोला व अमरावती जिल्ह्यांत पर्जन्यमापकाच्या आंकड्याशीं शेतसारा, दुष्काळी कामें आणि कापसाचे सौदे यांचा संबंध फार जुना आहे. तो आंकडा कोणी वाचावा आणि दूरच्या कचेरीनें त्यावर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्नही तितकाच जुना आहे.

१८६४ चें कलकत्त्याचें वादळ व १८६६ चा ओरिसांतील दुष्काळ यांनीं सरकारचे डोळे उघडले आणि १८७५ मध्यें हवामानखात्याची स्थापना होऊन ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. त्यापूर्वींच, १८६७ मध्यें, मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोंचला होता. पांच इंच व्यासाच्या तोंडाचें एक पात्र, कांचेचें एक माप, सकाळीं ठराविक वेळीं तें वाचणारा कारकून आणि आंकडा पुढें धाडणारा तारमास्तर, एवढीच ती सारी यंत्रणा होती. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाड होरपळला, तेव्हां त्याची अनावृष्टि सरकारी दप्तरांत उमटली ती अशाच हातांनीं.

या वाचणाऱ्या माणसावांचून काम चालविण्याची युक्ति मात्र बरीच जुनी होती. इंग्लंडांत ख्रिस्तोफर रेन यानें १६६२ च्या सुमारास कलत्या पात्राचा पर्जन्यमापक रचिला होता. एका आंसावर दोन लहान पात्रें बसविलेलीं असतात. एक भरलें कीं कलून रितें होतें आणि दुसरें धारेखालीं येतें. आधुनिक यंत्रांत प्रत्येक कलण्याबरोबर चुंबकानें विजेचा संपर्क जुळतो. असे ठोके मोजले कीं पाऊस मोजला गेला.

पण हा आंकडा यंत्रानें संगणकास सांगावयाचा कोणत्या भाषेंत? प्रयोगशाळांतील मापनयंत्रांपुढें हीच अडचण होती. प्रत्येक कारखान्याची जोडणी निराळी. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनें १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस यासाठीं एक सामाईक तारमार्ग योजिला, आणि १९७५ मध्यें अमेरिकेंतील विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेनें त्यास प्रमाण मानिलें. एका मार्गावर पंधरापर्यंत यंत्रें. त्यांत कोणी बोलणारें, कोणी ऐकणारें आणि एक नियंता. सर्वांत मंद ऐकणाऱ्यानें आंकडा घेतल्यावांचून पुढचा आंकडा सुटत नसे. मात्र या तारेची मर्यादा अवघी वीस मीटर. गांवोगांवच्या उपकरणांसाठीं आकाशमार्गच हवा होता. १९८३ मध्यें सोडलेल्या इन्सॅट-१बी या उपग्रहानें तो दिला. पुढें भ्रमणध्वनीच्या जाळ्यानें तो स्वस्त केला.

२०१७ मध्यें महाराष्ट्रांत 'महावेध' प्रकल्प सुरू झाला आणि महसूल मंडळांतून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं राहिलीं. तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस हीं तेथें माणसावांचून नोंदलीं जातात. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यांत वरूड-मोर्शीच्या संत्राबागाइतदारास भरपाई मिळावयाची कीं नाहीं, हें केंद्राच्या आंकड्यांवर ठरतें.

येथेंच जुना प्रश्न नव्या रूपानें उभा राहतो. संगणकाला ठोके समजतात, पाऊस दिसत नाहीं. नरसाळ्यांत पान अडकलें तर पात्र कलत नाहीं, आणि दूरचा संगणक तें शून्य प्रामाणिकपणें लिहून ठेवतो. मुसळधार पावसांत पात्र कलतां कलतां थोडें पाणी निसटतें व नोंद कमी भरते. मंडळांत केंद्र एक आणि शिवारें अनेक. वळवाची सर एका शिवारावर पडते, शेजारचें कोरडें राहतें.

म्हणून केंद्र मोकळ्या जागीं, झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावें. ठरल्या मापाचें पाणी ओतून त्याची परीक्षा व्हावी. आणि जवळच्या साध्या पर्जन्यमापकाशीं त्याचे आंकडे ताडून पाहावे. कारकुनाची चूक झाली तर तिची जबाबदारी कोणावर, हें गांवास माहीत असे. निर्जन केंद्राच्या चुकीलाही असाच एक धनी असला पाहिजे. नाहींतर तिचा भार निमूटपणें बागाइतदाराच्याच माथीं बसतो.